स्मरणार्थ दिलेला बाक आणि त्यानंतरची वर्षे

बेळगावातील आमच्या गल्लीच्या मंडळींमध्ये सध्या एका प्रस्तावावर चर्चा चालू आहे. जवळच्या उद्यानात आणि सकाळी फिरायला जाण्याच्या रस्त्यावर ज्येष्ठांना टेकायला पुरेसे बाक नाहीत. तेव्हा दिवंगत आई-वडिलांच्या नावे बाक देऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांकडून देणगी घ्यावी आणि महापालिकेकडे रीतसर परवानगी मागावी, असा तो प्रस्ताव आहे. त्यावर मते तीन पडली. दान गुप्त असावे, नाव कशाला, असे काहींचे म्हणणे. नाव असावे, पण ते मराठीतच असावे, असे बहुतेकांचे. आणि सार्वजनिक जागेत खासगी स्मृती नकोच, असे थोड्यांचे. मी न्यू जर्सीत राहतो आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अशाच देणग्यांची पद्धत पाहत आलो आहे. त्यामुळे या चर्चेत मला एका गोष्टीची उणीव जाणवते, ती मांडतो.

सेंट्रल पार्कची देखभाल 1980 मध्ये स्थापन झालेली सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था शहराशी झालेल्या करारानुसार करते. तिने 1986 मध्ये बाक दत्तक देण्याची योजना सुरू केली. पार्कात सुमारे 10,000 बाक आहेत आणि त्यांतील हजारो बाकांच्या पाठीवर आज एकेक छोटी धातूची पट्टी दिसते. कुठे आजीचे नाव, कुठे लग्नाचा वाढदिवस, कुठे घरच्या कुत्र्याची आठवण. पट्टी तळहातात मावेल एवढीच असते आणि जवळ जाऊन वाकल्याशिवाय वाचता येत नाही. मात्र देणगीचा आकडा 10,000 डॉलर आहे. बाक तर आधीपासून तिथे असतातच. ही रक्कम प्रामुख्याने बाकांच्या आणि उद्यानाच्या देखभालीसाठी असते, आणि मला या योजनेचे मर्म तिथेच दिसते.

स्मरणार्थ देण्याची रीत आपल्याला कुणी शिकवायला नको. देवळाच्या पायऱ्यांवरील संगमरवरी फरश्या, पाणपोया, शाळेच्या खोल्या, स्मशानभूमीतील निवारे या साऱ्यांवर बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पिढ्यांची नावे कोरलेली आहेत. सिमेंटचा बाक तर प्रत्येकाने पाहिला आहे. पाठीवर ‘कै.’ ने सुरू होणारे नाव, त्याखाली ‘यांच्या स्मरणार्थ’, सर्वांत खाली मुलांची नावे आणि ‘यांजकडून सप्रेम भेट’. अक्षरे खोदून त्यांत काळा रंग भरलेला. पण बेळगावचा पाऊस त्या रंगाला फार दिवस टिकू देत नाही. पाठीवर शेवाळ धरते, एक पाय मातीत खचतो, आणि रस्त्याचे काम निघाले की बाक उचलून कुठेतरी बाजूला टाकला जातो. माझ्या एका नातलगांनी वडिलांच्या नावे दिलेला बाक असाच गटारीच्या कडेला पालथा पडलेला मी पाहिला आहे. तो दुरुस्त करणे कुणाचे काम, हे तेव्हा कुणालाच सांगता आले नाही, कारण बाक देताना ते ठरलेलेच नव्हते. स्मरणार्थ लावलेल्या रोपांचेही तेच होते: रोप वाळून जाते आणि नावाची पाटी असलेली जाळी तेवढी उभी राहते.

म्हणून नाव असावे की नसावे, याआधी देखभालीचा प्रश्न सोडवावा लागेल. देणगीतील ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात राखून ठेवावा, त्यातून दरवर्षी रंगरंगोटी आणि डागडुजी व्हावी, आणि त्या खात्याचा हिशेब कुणालाही पाहता यावा. मुदतही सुरुवातीलाच सांगावी. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात अशा बाकाची मुदत 10 वर्षांची असते. वडिलांच्या नावाला मुदत घालणे आपल्या मनाला लागते, मलाही लागते. तरी कायमचे म्हणून देऊन पाच वर्षांत विसरण्यापेक्षा दहा वर्षे नीट जपण्याचे वचन मला अधिक प्रामाणिक वाटते. आकडा मात्र न्यूयॉर्कचा घेऊ नये. तिथे सामान्य पगारदाराला बाक परवडत नाही आणि उद्यानातील नावे सधन घरांचीच राहतात. आपल्याकडे चार कुटुंबांना किंवा संपूर्ण गल्लीला मिळून एक बाक देता यावा, असाच दर असला पाहिजे.

आता भाषेचा प्रश्न. आपल्या भागात फलक ही साधी गोष्ट नाही. 2014 च्या जुलैमध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूर गावातील ‘महाराष्ट्र राज्य’ असे लिहिलेला फलक हटवल्यानंतर झालेला लाठीमार लोक विसरलेले नाहीत, आणि कर्नाटकाच्या 2024 च्या कायदेदुरुस्तीने व्यावसायिक फलकांवर 60 टक्के जागा कन्नडला देणे बंधनकारक केले आहे. दुकानाची पाटी ग्राहकांसाठी असते. बाकावरील चार ओळी मात्र एका कुटुंबाने आपल्या माणसासाठी लिहिलेल्या असतात. त्या त्याच्या घरच्या भाषेतच असायला हव्यात, आणि हा हक्क मराठी घराला मागताना तो कन्नड, उर्दू आणि कोकणी घरांनाही तितक्याच मोकळेपणाने द्यायला हवा. महापालिकेला आपला क्रमांक किंवा विभागाचे नाव कन्नडमध्ये घालायचे असेल तर त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. सर्व बाकांवर मराठीच हवी, असा आग्रह आपल्याच मागणीचा पाया कमकुवत करील. त्याच बरोबर पट्टीचा आकार सर्वांना एकच असावा, पक्षाचे चिन्ह किंवा पदांची यादी नसावी आणि सार्वजनिक निधीतून घेतलेल्या बाकावर कोणत्याही लोकप्रतिनिधीचे नाव नसावे, हेही नियमांत लिहिले गेले पाहिजे.

गुप्तदानाचा आग्रह धरणाऱ्यांविषयी मला आदर आहे. ज्यांना नाव नको त्यांनी पट्टी कोरी ठेवावी. पण ज्या बाईने आयुष्यभर शहापुरात माग चालवला आणि जिच्या नावाने कुठे रस्ता किंवा चौक होणार नाही, तिचे नाव तिच्या मुलांना एका बाकावर पाहावेसे वाटले तर त्याला मी प्रसिद्धीची हाव म्हणणार नाही. सार्वजनिक जागांवर मोठ्या माणसांचीच नावे असावीत, हे मला मान्य नाही.

महापालिकेच्या मंजुरीला वेळ लागेल. तोवर आधीच दिलेल्या बाकांची नोंद करायला मात्र कुणाची परवानगी नको. कोणता बाक कुठे आहे, त्यावर कुणाचे नाव आहे, तो उभा आहे की मोडला आहे आणि त्या घरचे कोणी सध्या गावात आहे का, एवढे वॉर्डातील दोन तरुण एका वहीत लिहून काढू शकतील. त्या वहीवरून पहिल्या दुरुस्त्यांचा खर्च काढावा. परगावी आणि परदेशी असलेल्या आम्हा लोकांकडे सर्वांत आधी त्याच दुरुस्त्यांसाठी पैसे मागावेत, नव्या बाकांसाठी त्यानंतर.