मिलिटरीचे टायर म्हणे म्हातारे होत नाहीत

डिस्पोजलच्या, म्हणजे लष्कराने लिलावात काढलेल्या, गाड्या घेणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून उगवत असतो. त्याचं सार असं: लष्करी ट्रकच्या टायरचं रबरच वेगळं, ते एक्सपायर होत नाही. गाडी वर्षानुवर्षं डेपोत उभी होती, म्हणजे टायर कोरेच. नक्षी पूर्ण आहे, मग बदलायचे कशाला? तारखेचं खूळ टायर कंपन्यांनी काढलंय. आणि हा ट्रक पन्नासच्या वर जातोय कुठे? सोबत फोटो असतो तो एम-३५ या अमेरिकन लष्करी ट्रकचा. आपल्याकडे लिलावात हाती लागतो तो शक्तिमान, जबलपूरच्या कारखान्यातला. पण फोटो रुबाबदार आहे, तेवढं मान्य.

असाच एक शक्तिमान घ्यायला निघालेल्या माझ्या मावसभावाने हाच मेसेज दाखवून, "दादा, टायरचा खर्च तर वाचलाच की," असं म्हटलं, तेव्हा उत्तर द्यावंच लागलं.

"रबरच वेगळं असतं." वेगळी असते ती बांधणी आणि नक्षी. फोटोतल्या ट्रकचंच घ्या. एम-३५ए२वर ९.००-२० मापाचे आडव्यातिडव्या धाग्यांचे टायर असतात, म्हणजे आपले पंक्चरवाले ज्याला 'नायलॉन' म्हणतात तो प्रकार. ठोकळ्यांची नक्षी चाक पुढे फिरो की मागे, सारखीच. पण आत रबर आहे ते रबरच. हवेतला ओझोन त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो, ऑक्सिजन त्याला कडक करतो, आणि दोघांपैकी कोणीही टायरवर सैन्याचा शिक्का आहे का ते बघत नाही. अमेरिकन लष्कराचंच टायरांची निगा, तपासणी आणि दुरुस्ती यांवर एक स्वतंत्र तांत्रिक पुस्तक आहे, टीएम ९-२६१०-२००-१४. रबर अमर असतं तर त्यांनी तपासणीची उठाठेव केली नसती.

"गाडी उभीच होती." मेसेजमधलं सगळ्यात पटणारं वाक्य हेच, आणि सगळ्यात उलटंही हेच. रबरात ओझोनपासून वाचवणारं मेण आणि रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरताना दबतो, सुटतो, आणि त्या मळण्यात ती आतून पृष्ठभागावर येत राहतात. जुन्या टायरच्या बाजूला तपकिरी झाक दिसते ती बऱ्याचदा याच रसायनाची. गाडी उभी राहिली की हे मळणं थांबतं. वरचा थर वाळतो, आणि जिथे रबर ताणलेलं असतं तिथे बारीक भेगा पडू लागतात. त्यातून ट्रकचं सगळं वजन महिनोन्‌महिने एकाच जागेवर. नायलॉनचा टायर तिथे चपटा बसतो. थोडे दिवस उभी असलेली गाडी काही किलोमीटर चालली की चपटेपणा जातो, वर्षानुवर्षं उभी असेल तर तो कायमचा राहू शकतो.

अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेने, एनएचटीएसएने, टायरच्या वयाबद्दलचा अहवाल २००७ मध्ये तिथल्या संसदेला दिला. अभ्यासातले टायर फिनिक्ससारख्या तप्त शहरातूनही गोळा केलेले होते. रस्त्याला फारशी न लागलेली स्टेपनीसुद्धा आतून म्हातारी होते, हे त्यात दिसलं. एका विमा कंपनीचे २००२ ते २००६चे आकडेही त्यात आहेत: टायरसंबंधी ७७ टक्के दावे पाच उष्ण राज्यांतून आले, आणि तिथल्या ८४ टक्के दाव्यांत टायर सहा वर्षांपेक्षा जुना होता. हे कारचे टायर, ट्रकचे नव्हेत, हे खरं. पण नागपूरच्या मे महिन्यात उघड्यावर उभ्या ट्रकला फिनिक्स फार लांब नाही.

"नक्षी पूर्ण आहे." टायर किती पळला ते नक्षी सांगते. किती जगला ते नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये एका संगीत महोत्सवाहून लिव्हरपूलकडे परतणारी बस सरे परगण्यात झाडावर आदळली आणि तिघे गेले. पुढचा टायर फुटला होता. नक्षी कायद्यात बसणारी होती, टायरचं वय साडेएकोणीस वर्षं. म्हणजे टायर बसपेक्षाही थोरला! एका मृत तरुणाच्या आईने पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांपेक्षा जुना टायर चालत नाही. चाळीस वर्षांपुढच्या, धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या गाड्यांना त्यात सूट आहे. आपले मेसेजवाले ही सूट तेवढी अचूक हुडकून काढतात.

"तारखेचं खूळ." उलट, वाचता आली तर फुकटात मिळणारी एवढी मोठी माहिती दुसरी नाही. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे १४०९ असतील तर टायर २००९ सालच्या चौदाव्या आठवड्यातला. २०००च्या आधी तीनच आकडे असायचे. ४१८ म्हणजे एकेचाळिसावा आठवडा, पण साल १९८८ की १९९८? डिस्पोजलच्या गाडीत हा प्रश्न खरोखर पडतो. मागच्या जोडचाकांत तर आणखी मजा: पूर्ण क्रमांक कधी कधी एकाच बाजूला असतो, आणि ती बाजू नेमकी दोन चाकांच्या फटीत. बॅटरी घेऊन खाली सरपटावं लागतं. विकणारा "कशाला कपडे खराब करताय" म्हणाला तर हमखास सरपटावं. रिसोल केलेला टायर असेल तर वरची नक्षी कालची आणि खालचं धड पंधरा वर्षांचं, हेही होतं.

(सहा वर्षं हा आकडा मात्र आपल्याकडे सर्रास कायदा म्हणून सांगितला जातो. तो गाडी बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांचा सल्ला आहे. मिशलिनचं म्हणणं असं की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहाव्या वर्षी बदला.)

मावसभावाने हेरलेल्या शक्तिमानची स्टेपनी बघायला आम्ही पंक्चरवाल्या काकांना घेऊन गेलो. टायरवर साच्यातल्या रबराच्या मिशा, नव्या टायरवर असतात ते केसांसारखे धागे, अजून शाबूत. भाऊ खूश. काकांनी काळं पॉलिश फडक्याने पुसलं, नक्षीच्या खाचेत अंगठे घालून दोन्हीकडे दाबलं. खाचेच्या तळाशी भेगांची जाळी उघडली. मग त्यांनी टायर उतरवून आतला फ्लॅप, म्हणजे ट्यूब आणि डिस्क यांच्यामधली रबरी पट्टी, काढला, तो पापडासारखा मोडला. पॉलिश मारलेला टायर म्हणजे कलप लावलेला नवरदेव, काका म्हणाले, वय मानेवर बघायचं.

"पन्नासच्या वर जातोय कुठे?" यात थोडं तथ्य आहे. नायलॉनच्या टायरमध्ये रेडियलसारखे पोलादी पट्टे नसतात, त्यामुळे पट्टे सुटून वरचा थर उडून जाण्याची भीती त्यात कमी. शेतावर किंवा संचलनात पंधरा-वीसच्या वेगाने जुना टायर बरीच वर्षं निभावून नेईल. पण पॉवर स्टिअरिंग नसलेल्या, कित्येक टनांच्या गाडीचा पुढचा टायर घाटात पन्नासच्या वेगाने फुटला, तर ते पन्नास पुष्कळ झाले.

आणि धोका फक्त रस्त्यावर नसतो. बऱ्याच जुन्या लष्करी ट्रकांची डिस्क अनेक तुकड्यांची, वर लॉक रिंग, म्हणजे टायरला डिस्कवर अडकवून ठेवणारी पोलादी कडी. गंजलेली रिंग हवा भरताना सुटली तर माणूस मारते. अमेरिकेत यासाठी कामगार सुरक्षेचा खास नियम आहे: असं चाक पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरायची, आणि ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर टायर चाललेला असेल तर आधी व्हॉल्व्हची सुई काढून सगळी हवा सोडायची, मगच चाक उतरवायचं. वर्षानुवर्षं बसलेल्या चाकात "जरा हवा मारून बघू" म्हणणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. काकांकडे पिंजरा नाही, ते साखळी गुंडाळतात आणि रिंगेसमोर कोणाला उभं राहू देत नाहीत.

ट्रक भावाने घेतलाच. आधी पुढचे दोन टायर नवे टाकले, ट्यूब आणि फ्लॅपसकट. मागचे पगार होतील तसे. मिशीवाली स्टेपनी मावशीने परसात मागून घेतली, तिच्यात आता अळू लावलाय.