बाजू नाणेफेकीने ठरू द्या

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी त्याआधी डिसेंबरमध्ये मुलांची झोप पुरी होत नाही, असा मुद्दा जाहीरपणे मांडला होता. निर्णय आला आणि माझ्या नातेवाइकांच्या, शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर वाद पेटला. 'आम्ही नाही का गेलो सातच्या शाळेला?' 'आईबापच मध्यरात्रीपर्यंत जागे, पोरं काय झोपणार?' 'स्कूलबसच्या फेऱ्या कशा बसवायच्या?' 'नोकरीला जाणाऱ्या आईने मुलाला नऊपर्यंत कुणाकडे ठेवायचं?' शेवटचे दोन प्रश्न अगदी रास्त होते. पण चर्चा दोन दिवस चालली आणि झोपेवरचं संशोधन नेमकं कोणत्या वयाच्या मुलांबद्दल आहे, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

मी कॅलिफोर्नियातल्या एका सरकारी हायस्कुलात शिकवते. माझ्या वर्गातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी याच विषयावर वादविवाद केला आणि त्यावर निबंधही लिहिला. इथे तसा कायदाच आहे. २०१९ मध्ये त्यावर सही झाली आणि जुलै २०२२ पासून हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी भरवायला बंदी आली. दुर्गम ग्रामीण भागातल्या शाळांना तेवढी सूट आहे. तोच प्रस्ताव २०१८ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी फेटाळला होता. शाळेची वेळ स्थानिक मंडळांनी ठरवावी, असं त्यांचं मत होतं. म्हणजे दोन्ही बाजूंना दम असलेला विषय.

पहिल्या दिवशी माझी मुलं जे बोलली ते आपल्या गटावरच्या बोलण्याहून फार निराळं नव्हतं. 'मला सकाळी झोप येते', 'माझा भाऊ उठतो की', असंच. पण त्यांना तिथे थांबता येत नाही. एका मुलीने वर्तमानपत्रातला लेख आणला. त्यात 'डॉक्टरांच्या मते' असं होतं. मी विचारलं, कोणते डॉक्टर? ती शोधत शोधत अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१४ च्या निवेदनापर्यंत पोचली. वयात येताना मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक रात्री उशिरा पाझरू लागतं, त्यामुळे लवकर अंथरुणावर पडूनही झोप लागत नाही, म्हणून मिडल स्कूल आणि हायस्कूल साडेआठच्या आधी भरवू नये, असं ते निवेदन सांगतं.

आता महाराष्ट्राचा निर्णय पुन्हा वाचा. तो चौथीपर्यंतच आहे. ज्या वयाबद्दल हा पुरावा सर्वांत भक्कम आहे, ती मुलं त्यात नाहीतच. एकाच इमारतीत दोन सत्रं चालवणाऱ्या शाळेने धाकट्यांना उशिरा बोलावलं, तर सकाळचं सत्र कुणाच्या वाट्याला जाईल? आठवी-नववीच्या. लहान मुलांना लवकर न उठवण्याची वेगळी कारणं असू शकतात आणि ती तपासावीत. पण निर्णयाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नाला उत्तर देऊनच पुढे गेलं पाहिजे. तो विचारायला विशेष बुद्धी लागत नाही. एखादा दावा त्याच्या उगमापर्यंत नेऊन पाहायची सवय लागते आणि ती शाळेत लावता येते.

इथल्या शालेय वादविवादाचा 'पब्लिक फोरम' नावाचा प्रकार २००२ मध्ये सुरू झाला. त्यात प्रत्येक फेरीआधी नाणेफेक होते आणि कुणी कोणत्या बाजूने बोलायचं ते तिच्यावर ठरतं. म्हणजे तयारी दोन्ही बाजूंची करावीच लागते. सकाळी ज्या मुद्द्याच्या आधारावर जिंकलात, तोच दुपारी तुम्हाला खोडून काढायचा असतो. बोलून झाल्यावर प्रतिस्पर्ध्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. मूळ मजकुराचा अर्थ फिरवून पुरावा म्हणून वापरला तर फेरी हातची जाते. हीच शिस्त मग लेखनात उतरते. बारावीपर्यंत 'एपी रिसर्च' हा महाविद्यालयीन पातळीचा विषय घेणारा विद्यार्थी चार ते पाच हजार शब्दांचा शोधनिबंध लिहितो. माझ्या वर्गात इतकं मोठं काम नसतं, पण एक अट मी कधीच सोडत नाही. विरोधी बाजूची सर्वांत बळकट मांडणी आधी लिहायची, इतकी प्रामाणिकपणे की विरोधकाने वाचून 'हो, माझं म्हणणं हेच आहे' असं म्हणावं. त्यानंतर आपली बाजू.

आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धांनी मला सभेत उभं राहायचं धैर्य दिलं, स्पष्ट उच्चार दिले, आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण वादविवाद म्हणून जे होतं त्यात दुसऱ्या वक्त्याचं भाषण पहिल्याचं ऐकण्याआधीच पाठ झालेलं असतं. बऱ्याचदा ते शिक्षकांनी किंवा आईने लिहिलेलं असतं. समोरच्याच्या मुद्द्याला कुणी हात लावत नाही. लेखी परीक्षेतही तेच होतं. भाषेच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' विचारतात, हे फार चांगलं पाऊल आहे. पण त्या स्वमताची तयार उत्तरं गाईडांत छापून येतात. पंधरा वर्षांच्या मुलाने आपलं मत पाठ करून लिहावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे पाश्चात्त्य खूळ आहे, असं कुणी म्हटलं की मला प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातली न्यायसूत्रं आठवतात. सत्य शोधण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं खंडन करणारी वितंडा, हे भेद तिथे स्पष्ट केले आहेत. त्याहून जवळचं उदाहरण डॉ. आंबेडकरांचं आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना १९३६ च्या परिषदेचं अध्यक्षपद दिलं, पण भाषणाचा मजकूर न पटल्याने परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापलं. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे ते लेख परिशिष्टात छापले आणि सोबत आपलं उत्तर दिलं. विरोधकाचं म्हणणं आपल्याच पुस्तकात, त्याच्याच शब्दांत. नववीच्या मुलांना संशोधनपर लेखन शिकवायचं तर याहून उत्तम नमुना मला माहीत नाही.

इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं, असं मी म्हणणार नाही. 'पॉलिसी डिबेट' या प्रकारात मुलं इतक्या वेगाने बोलतात की सरावलेल्या परीक्षकाखेरीज कुणाला काही कळत नाही. कमी वेळात जास्त पुरावे ओतले की समोरच्याची उत्तरं अपुरी पडतात, हे गणित त्यामागे असतं. तो जल्पच. शिवाय प्रशिक्षक, प्रवास, उन्हाळी शिबिरं हे श्रीमंत शाळांना परवडतं. ही दरी भरून काढायला १९८५ मध्ये अटलांटामध्ये एमरी विद्यापीठाच्या मदतीने सरकारी शाळांसाठी वादविवादाची चळवळ सुरू झाली, पण दरी अजून मिटलेली नाही.

मला याहून मोठा धोका वाटतो तो वेगळाच. प्रत्येक गोष्टीला दोन सारख्याच बाजू असतात, असं मुलांना वाटू लागतं. म्हणून विषय निवडणं हे शिक्षकाचं सर्वांत जबाबदारीचं काम. शाळेची वेळ, गृहपाठ, वर्गात मोबाइल, पाण्याचं वाटप यांवर विचारी माणसांचे खरे मतभेद असतात आणि दोन्हीकडे पुरावे सापडतात. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या माणूसपणावर, त्याच्या जातीधर्मावर नाणेफेक करायची नसते. तिथे मी ठाम नकार देते, मग विषय कितीही चर्चेत असो.

महाराष्ट्रातल्या अनुदानित शाळेत मराठी शिकवणारी माझी एक मैत्रीण म्हणते, 'वर्गात साठ मुलं, वर सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं. साठ शोधनिबंध तपासायचे कधी?' तिचं खरं आहे. साठ निबंध मागूच नयेत. पाच-पाच मुलांचे गट करावेत, म्हणजे बाराच निबंध होतात. दोन पानांची मर्यादा ठेवावी, तीन संदर्भ मागावेत आणि त्यातला एक विरोधी बाजूचा असावा. संदर्भ आधी प्रतिस्पर्धी गटाने तपासावेत, मग शिक्षकांनी. त्यानंतर गटातल्या कुणालाही उभं करून लिहिलेल्यावर प्रश्न विचारावेत. निबंध यंत्राकडून लिहून घेतला असेल तर तिथे दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. दहावीत भाषेच्या लेखी परीक्षेला ८० गुण आणि अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण आहेत; या कामाला त्या वीस गुणांत जागा मिळावी. मराठीत साधनं नाहीत, हेही खरं नाही. शासन निर्णय, राज्याची आर्थिक पाहणी, मराठी विश्वकोश, सगळं संकेतस्थळांवर फुकट वाचायला मिळतं.

मैत्रिणीची दुसरी भीती पालकांची आहे. मुलं घरी उलट बोलू लागली, अशी तक्रार आली तर? माझं उत्तर असं, की पालकांनाच परीक्षक म्हणून बसवावं. 'पब्लिक फोरम' मुळातच सामान्य श्रोत्याला कळावा म्हणून आखला गेला आणि आमच्याकडे बहुतेक फेऱ्यांना पालकच परीक्षक असतात. आधी त्यांना दोन्ही बाजूंचे मुद्दे शेजारी शेजारी कसे टिपायचे ते दाखवतात. निकालासोबत त्याचं कारण लिहून द्यावं लागतं आणि 'मला ही बाजू आधीपासूनच पटते' हे कारण चालत नाही.