शिक्षा कुणाची, शाळा कुणाची

काल कट्ट्यावर चहा यायच्या आधीच वाजलं. चेक न वटल्यास काय शिक्षा होते, हे संज्याला बघायचं होतं (मेव्हण्याचं प्रकरण, विचारू नका). फोनच्या शोधपट्टीत त्याने नुसतं 'शिक्षा' लिहिलं, तर खाली 'शिक्षा मंत्री', 'शिक्षा विभाग'.

"हिंदीतली शिक्षा ती," नाना म्हणाले. "आपल्याकडे छडी, त्यांच्याकडे शाळा."

"म्हणजे एकच," बंड्या.

"पण मला हिंदी कशाला सुचवतो?"

"सुचवत नाही रे," प्रशा आयटीतला, त्याला बोलावंच लागतं. "लोक आधी काय शोधत आलेत, तू कुठे आहेस, भाषा कुठली ठेवलीयस, यावरून अंदाज बांधतो. लिपी दोघांची एक, डोकी त्यांची जास्त. गूगल तर याला सजेशन म्हणतच नाही, प्रेडिक्शन म्हणतं."

नाना इथेच उखडले. "2004 साली केव्हिन गिब्स या त्यांच्याच इंजिनिअरने हे काढलं, तेव्हा नाव काय होतं? गूगल सजेस्ट! सुचवलं म्हटलं की जबाबदारी येते. अंदाज म्हटलं की हवामान खात्यासारखं, चुकलं तर चुकलं."

"नाना, तो आरसा आहे. लोकांच्या मनात घाण, तर आरसा काय करणार?"

"आरसा कुणाच्या कानात कुजबुजत नाही. जर्मनीत एका उद्योजकाचं नाव टाइप केलं की पुढे 'फसवणूक' यायचं. ज्याच्या डोक्यातही नव्हतं, तोही त्यावर बोट ठेवणार. मग तेच शोधणारे आणखी वाढणार! 2013 च्या मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं, प्रत्येक शब्द आधी तपासत बसा असं नाही, पण बदनामी होतेय असं कळवल्यावर काढायलाच हवं."

"आणि कळवेपर्यंत?" बंड्याने विचारलं. त्यावर प्रशाही गप्प. खरं सांगायचं तर मला नानांचंच पटत होतं, पण त्यांना तसं सांगितलं की तासभर सुटका नाही.

चहा आला. अर्धा कप झाल्यावर नाना हळूच संज्याकडे सरकले. "माझं नाव टाक बघू. पूर्ण नको, अर्धंच."

संज्याने टाकलं. कुठल्याशा क्रिकेटपटूचं नाव आलं.

"आडनावही टाक."

पट्टीखाली काहीच उरलं नाही.

"नेट स्लो असेल," नाना म्हणाले.