अभावाचे चार प्रकार आणि आपले महाविद्यालय

नव्या प्राचार्यांनो, संस्कृत आणि तत्त्वज्ञानाचे विभाग 'बंद करावेत' असे कागदावर कुठेही येऊ देऊ नका. खानदेशात ते शोभायचे नाही. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवणाऱ्या मठासाठी दर तेलघाण्यामागे पळीभर तेल लावून दिल्याचे चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात कोरलेले आहे. अमळनेरात प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारले. तेव्हा विभाग आपोआप पडला पाहिजे.

प्रवेशाच्या खिडकीपासून सुरुवात करा. कपाशीची लागवड अर्धी टाकून बाप पोराला घेऊन आलेला असतो. बाबूने फॉर्म बघून एवढेच म्हणावे, "हाई काय कामनं शे?" दहावीला संस्कृतात नव्वद पाडणारे पोरही भूगोलाकडे वळते.

खरे हत्यार वेळापत्रक. तर्कशास्त्राचा तास शेवटी ठेवा, आणि तो एसटी सुटल्यावर दहा मिनिटांनी संपू द्या. पंचावयवी, म्हणजे पाच पायऱ्यांचे, अनुमान शिकवताना प्रतिज्ञा आणि हेतू ऐकायला वर्ग असतो, उदाहरणाला पासवाले उठतात, उपनय आणि निगमन सर एकटेच करतात.

सर निवृत्त झाले की जागा भरू नका. तासिका तत्त्वावर कुणी घ्यायचाच तर ऑगस्ट उलटल्यावर घ्या, मानधन पुढच्या वर्षी. मुले नाहीत म्हणून शिक्षक नाही, शिक्षक नाही म्हणून मुले नाहीत. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. पण तो ओळखणारा माणूस आता स्टाफरूममध्ये नसतो.

भारतीय ज्ञान प्रणाली हा विषय मात्र जोरात चालवा. २ क्रेडिट, ३० तास; ज्याचा वर्कलोड कमी भरतो त्याला द्या, अकाउंटन्सीवाले सर आनंदाने घेतील. महाविद्यालयाचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती येईल तेव्हा श्लोकाचा फ्लेक्स लावा. त्यात विसर्गाच्या जागी कोलन आणि अवग्रहाच्या जागी इंग्रजी एस छापून येईल. येऊ द्या, वाचतो कोण?

शेवटचा मुद्दा अहवालाचा. तर्कसंग्रह या न्यायशास्त्राच्या पहिल्या पोथीत अभाव, म्हणजे नसणे, चार प्रकारचा सांगितला आहे. वस्तू नष्ट झाल्यावर उरतो तो प्रध्वंसाभाव, आणि त्याला आरंभ असतो. आरंभ म्हणजे तारीख, तारीख म्हणजे कुणाचा तरी कार्यकाळ. त्यापेक्षा अत्यंताभाव दाखवा: असा विभाग इथे कधी नव्हताच. दारावरची पाटी तेवढी आठवणीने उतरवा. मागून ती कोरी असते, 'झेरॉक्स' छान बसते.