‘दिसण्यापुरतं आहे, आमच्या कामात येत नाही’ हे उत्तर का चालत नाही

घरतपासणीच्या व्यवसायात नव्याने येणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो. नव्या घराच्या तपासणीत ग्राहक रंगाचे डाग, काचेवरचे ओरखडे, टाइल्सच्या कमीजास्त फटी दाखवायला लागला की त्याला तिथेच थांबवा. सांगा, की हे दिसण्यापुरतं आहे, आमच्या कामात येत नाही. नवं घर म्हटलं की थोडीफार खोट राहणारच आणि बिल्डर वर्षभरात ती दुरुस्त करून देतोच. असली एक नोंद घेतलीत तर राहिलेल्या सगळ्यांची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडेल, शिवाय मोठे दोष त्या गर्दीत हरवतील.

हा सल्ला देणारी माणसं बहुधा अनुभवी असतात. तरीही तो मला चुकीचा वाटतो. त्याची किंमत ग्राहक मोजतो, म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेते.

‘आमच्या कामात येत नाही.’ कागदावर हे खरं आहे. इंटरनॅची या तपासनीसांच्या संघटनेची मानकं स्पष्ट सांगतात, की शोभेच्या आणि आवडीनिवडीच्या बाबी तपासणीत धरलेल्या नाहीत. पण याचा अर्थ एवढाच, की तुम्ही त्या शोधत बसायला बांधील नाही. ग्राहकाने बोट दाखवलेल्या जागेकडे बघायला मनाई कुठेही केलेली नाही.

खरी अडचण पुढेच आहे. ‘दिसण्यापुरतं’ हा निष्कर्ष आहे आणि तो पाहिल्यानंतरच काढता येतो. भिंतीवर पांढरी भुकटी दिसते. ग्राहक म्हणतो, रंग खराब लागलाय. ती भुकटी क्षारांची असते. भिंतीतून पाणी सरकतं, पृष्ठभागाशी येऊन सुकतं आणि क्षार मागे सोडतं. कधी ते बांधकामाच्या वेळचं पाणी असतं आणि भिंत वाळली की प्रकार थांबतो. कधी बाहेरच्या भिंतीतून किंवा गळक्या नळजोडातून पाणी येतच असतं. मग त्यावर रंगाचे कितीही हात मारा, फुगे येतात. छतावर एकाच ठिकाणी ताज्या रंगाचा चौकोन दिसतो, छटा किंचित वेगळी. वर बाथरूम असेल तर तो चौकोन मी सोडत नाही. वरचं पाणी बराच वेळ सोडून खाली ओलाव्याचं मीटर लावते.

टाइल्सचंही तसंच. दोन टाइल्सच्या कडा वरखाली आहेत, ही तक्रार रूपाची वाटते. पण त्याच जागी काठीने ठोकून बघा. एखाद्या टाइलचा कोपरा पोकळ वाजला तर फार काही नाही. ओळीच्या ओळी पोकळ वाजल्या तर खाली मसाला सलग पसरलेला नाही, नुसते गोळे ठेवून वर टाइल दाबलेली आहे, अशी दाट शंका येते. वजन पडलं की असे कोपरे तुटतात, आणि ओल्या जागी त्या पोकळीत पाणी साचतं. दार चौकटीला घासतं तेव्हा ते कधी दमट हवेने फुगलेलं असतं, कधी चौकटच ओळंब्यात नसते.

भेगांबद्दल तर ग्राहक सर्वात जास्त घाबरतो आणि त्यालाच सर्वात घाईने गप्प केलं जातं. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने दुरुस्ती किती सोपी आहे यावरून भेगांची वर्गवारी केली आहे. तीत ०.१ मिमीपेक्षा बारीक भेग नगण्य, १ मिमीपर्यंतची अगदी किरकोळ, ५ मिमीपर्यंतची किरकोळ आणि त्यापुढची मध्यम ते गंभीर मानली जाते. नव्या घरातल्या बहुतेक भेगा पहिल्या दोन वर्गांत बसतात. गिलावा वाळताना आकसतो, त्याच्या जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. तुळई आणि भिंत यांच्या सांध्यावर आडवी भेग येते, कारण दोन्ही सामग्री वेगवेगळ्या प्रमाणात हलतात. पण नुसती रुंदी पुरेशी नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी किंवा एक कड दुसरीपेक्षा पुढे आलेली भेग बारीक असली तरी वेगळी नोंदवायला हवी. तिच्या टोकाशी पेन्सिलने खूण करून तारीख लिहिली तर ती वाढते का, हे पुढे कळतं. हे सगळं दोनचार मिनिटांचं काम आहे आणि यातून ग्राहकाला भीतीऐवजी माहिती मिळते.

‘नव्या घरात खोट राहणारच.’ हो, राहते. हाताने केलेलं काम काचेसारखं सपाट होत नाही, हे ग्राहकाला आधीच सांगावं. मात्र किती खोट चालते, याला माप हवं. ब्रिटनमध्ये नव्या घरांना हमी देणाऱ्या एनएचबीसी या संस्थेच्या मानकांत काच दिवसाउजेडी, खोलीच्या आतून, २ मीटरपेक्षा जवळ न जाता पाहायची असते, आणि टफन्ड किंवा लॅमिनेटेड असेल तर ३ मीटरवरून. आकडे जागोजागी बदलतील, पण तत्त्व साधं आहे: राहणारा माणूस जिथे उभा राहील तिथून, रोजच्या उजेडात. भिंतीला टेकवून तिरपी टॉर्च मारली तर जगातली कुठलीही भिंत खडबडीत दिसेल. ती टॉर्च शोधायला वापरावी, निवाडा करायला वापरू नये. हे माप फेरीच्या सुरुवातीला सांगितलं की निम्म्या तक्रारी ग्राहक स्वतःच मागे घेतो, आणि त्याचा अपमानही होत नाही.

‘बिल्डर वर्षभरात दुरुस्त करून देतोच.’ या वाक्यामुळे सर्वाधिक नुकसान होतं, कारण ते अर्धं खरं आहे. गिलाव्याच्या आकसण्याच्या भेगा खरोखरच थांबून भरलेल्या बऱ्या. घर वाळेपर्यंत त्या पुन्हा उघडतात, म्हणून हमीच्या मुदतीच्या शेवटी एकदाच काम केलेलं चांगलं. पण काचेवरचा ओरखडा, सिंकचा टवका, फरशीचा उडालेला कोपरा, कपाटाच्या पत्र्यावरचा पोचा यांचं काय? सामान आत आलं, की हे कुणी केलं ते सांगता येत नाही, आणि ‘तुमच्या सामानाने झालं असेल’ या वाक्यापुढे ग्राहकाजवळ काहीच उरत नाही. काचेचे ओरखडे तर बहुधा बांधकामानंतरच्या साफसफाईत पडतात. रंगाचे आणि सिमेंटचे शिंतोडे कोरड्या पात्याने खरवडले जातात, खडा पात्याखाली सापडतो आणि रेघ ओढली जाते. म्हणजे दोष घर सोपवण्याआधीचा असतो, पण तसं दाखवणारा फोटो लागतो. ताबा घेण्याआधी तुम्ही घरात असता. त्या दिवशी हे टिपलं नाहीत तर नंतर कुणीच टिपू शकत नाही. म्हणून मी ग्राहकाला दोन याद्या करायला सांगते: एक, आज ताबा घेण्याआधीच नोंदवायची, दुसरी, थांबून बघायची.

‘एक नोंदवलं की सगळ्याची जबाबदारी येते.’ ही भीती समजते. उपाय लेखी मजकुरात आहे. शोभेच्या नोंदी वेगळ्या पुरवणीत द्याव्यात आणि तिच्या माथ्यावर स्पष्ट लिहावं: ‘खालील बाबी ग्राहकाने तपासणीदरम्यान दाखवल्या आहेत, ही यादी परिपूर्ण नाही.’ करारातही तसंच म्हणावं. उलट ग्राहकाने दाखवलेली भेग तुम्ही हात झटकून सोडलीत आणि पुढे तिथूनच पाणी आलं, तर ‘मी दाखवली होती’ एवढंच त्याला म्हणायचं असतं.

‘मोठे दोष गर्दीत हरवतात.’ एकाच यादीत कोंबले तर हरवतीलच. पुरवणी वेगळी असली की वीज, पाणी, छत, निचरा पुढे राहतात. तपासणीतही तोच क्रम ठेवावा. आधी माझी फेरी मी न थांबता करते. तेवढ्या वेळात ग्राहकाच्या हातात रंगारी वापरतात त्या टेपचा रोल देते. जिथे खटकेल तिथे तुकडा चिकटवा म्हणून. शेवटी दोघं मिळून त्या तुकड्यांपाशी जातो, आधी खोलीचा एक दुरून फोटो, मग जवळून. आपलं ऐकून घेतलं जाणार आहे, हे कळल्यावर तो मध्ये मध्ये हाका मारत नाही.

ग्राहक रंगावर अडकतो कारण वायरिंग बघून त्याला काही कळत नाही आणि भिंत मात्र कळते. आयुष्यभराची जमापुंजी लावून घेतलेलं घर तो त्याला कळेल तिथून तपासत असतो. त्याला पहिल्याच तक्रारीला ‘हे माझं काम नाही’ म्हटलं की तो गप्प होतो, आणि मग कपाटातला कुबट वासही सांगत नाही.

आवडीनिवडीच्या बाबतीत मात्र मीही नोंद घेत नाही. छटा गडद वाटते, सांध्यांचा रंग शोभत नाही, हे मंजूर केलेल्या नमुन्याशी ताडून पाहावं. जुळत असेल तर तसं तोंडावर सांगावं आणि टेपचा तो तुकडा ग्राहकासमोरच काढून घ्यावा.