दोन सेकंदांवरून गोत्र कळत नाही

आमच्या नागपूरच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आला. ‘गॅमा किरणांचे स्फोट दोनच प्रकारचे. २ सेकंदांच्या आतले न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून, त्याहून लांबलेले महाकाय तारा मरताना. सगळे आपल्याच आकाशगंगेतले. किरणं आज रात्री येणार, फोन बंद ठेवा.’ पाठवणारे काका भला माणूस, तर्री-पोह्याचे पैसे कुणाला देऊ देत नाहीत. तरी बोलावं लागतंच.

फोनचं आधी उरकतो. गॅमा किरणं म्हणजे क्ष-किरणांहूनही जास्त ऊर्जेचा प्रकाश, तो वातावरणातच अडतो, म्हणून तर तो टिपायला उपग्रह लागतात. ९ ऑक्टोबर २०२२ च्या विक्रमी स्फोटाने आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, हललं. फोन चालूच होते. शिवाय स्फोट कळतो तो किरणं पोचल्यावरच, मग ‘आज रात्री’ सांगितलं कोणी?

आपल्याच आकाशगंगेतले असते, तर दुधाळ पट्ट्यात गर्दी दिसली असती. १९९१ पासून नासाच्या कॉम्प्टन या अवकाशातल्या वेधशाळेला ते सगळ्या दिशांनी सारखे दिसले. १९९७ साली अंतर मोजलं, ते अब्जावधी प्रकाशवर्षं निघालं.

राहिले २ सेकंद. हा आकडा कुणी मनाने काढलेला नाही. १९९३ साली कालावधींचा आलेख काढला तेव्हा दोन उंचवटे दिसले, मधली दरी २ सेकंदांच्या आसपास. १७ ऑगस्ट २०१७ ला टकरीतून उठलेल्या गुरुत्वीय लहरींनंतर १.७ सेकंदांनी छोटा स्फोट दिसला. टक्कर न्यूट्रॉन ताऱ्यांचीच, म्हणजे मेलेल्या महाकाय ताऱ्यांच्या उरलेल्या घट्ट गाभ्यांची. लांब स्फोटांमागेही सुपरनोव्हा, म्हणजे महाकाय तारा मरतानाचे स्फोट, सापडलेत.

पण कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग आकाराने लावतात, त्यावरून बाग कोणाची ते कळतं का? २६ ऑगस्ट २०२० चा स्फोट जेमतेम सेकंदभराचा, आणि खुणा मरणाऱ्या ताऱ्याच्या. ११ डिसेंबर २०२१ चा पन्नासेक सेकंदांचा, मागे किलोनोव्हा, म्हणजे टकरीची राख. त्यात मोजमापही डळमळीत: उपकरण कुठली ऊर्जा टिपतं त्यावर कालावधी बदलतो, आणि विश्व प्रसरण पावत असल्याने दूरचा स्फोट आपल्याला ताणलेला दिसतो.

तिसरा प्रकारही आहे. २७ डिसेंबर २००४ ला एका मॅग्नेटारचा, म्हणजे प्रचंड चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्याचा, भडका उडाला, तोही आपल्याच आकाशगंगेत (घ्या काका, एक मार्क तुमचा). तोच शेजारच्या दीर्घिकेत उडाला असता तर छोटा स्फोट म्हणून नोंदला गेला असता.

म्हणून आता मागे उरलेला उजेड बघतात, दीर्घिका बघतात. ७ मार्च २०२३ चा स्फोट सुमारे २०० सेकंद चालला, आणि जेम्स वेब दुर्बिणीला त्याच्या उजेडात टेल्युरियमची खूण दिसली, टकरीत घडणाऱ्या जड मूलद्रव्याची. काका, याला मेसेजातल्या कुठल्या खान्यात टाकता?