मल्टीमीटर २.९५ दाखवतो, तरी गाडी उघडत का नाही? एका काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: रिमोट किल्लीच्या सेलवरचा माझा लेख वाचून काकांनी आपला ३ व्होल्टचा सेल मल्टीमीटरवर, म्हणजे व्होल्टेज मोजायच्या यंत्रावर, तपासला. २.९५ व्होल्ट आले म्हणून ते निर्धास्त झाले. पुढच्याच रविवारी ताम्हिणी घाटात, भर पावसात, काकू आणि चार वर्षांच्या नातवासकट बंद गाडीबाहेर उभे. मोबाइलला रेंज नाही. शेवटी गाडी टो करून आणावी लागली. वर एका दुकानदारानं "सेल बदलला की किल्ली परत प्रोग्रॅम करावी लागते" असं सांगून अडीच हजार घेतले. काकांचं म्हणणं: "अर्धवट ज्ञान वाटू नका. आमची लोखंडी किल्लीच बरी होती."

पहिला आरोप मान्य. "२.९ च्या वर असेल तर वर्षभर बघायला नको" हे वाक्य माझंच आणि ते चूक आहे. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या बाईनं तरी ही चूक करायला नको होती.

गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीत पाणी आहे, पण पाइप क्षारानं आतून आवळलाय. नळ बंद असताना दाब अगदी व्यवस्थित. नळ सोडला की करंगळीएवढी धार. सेलचं तसंच होतं. जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतूनच होणारा अडथळा, वाढतो. मल्टीमीटर त्याच्याकडून जवळजवळ काहीच करंट मागत नाही, त्यामुळे तो नळ बंद ठेवूनच दाब मोजतो. रिमोट मात्र नळ उघडतो. तुम्ही दाराच्या हँडलला हात लावता तेव्हा गाडी साधारण १२५ किलोहर्ट्‌झवर हाक मारते, किल्ली जागी होते आणि ४३३ मेगाहर्ट्‌झच्या आसपास उत्तर पाठवते. त्या क्षणी तिला दहा-पंधरा मिलीअँपिअर तरी लागतात. तेवढं मागितलं की थकलेला सेल बसतो.

मग तपासायचं कसं? २२० ओहमचा रेझिस्टर सेलच्या दोन्ही बाजूंना एक-दोन सेकंद टेकवा आणि तेवढ्यात व्होल्टेज बघा. ताजा सेल २.७-२.८ वर टिकतो. आतला रोध १०० ओहमवर गेलेला सेल त्याच वेळी दोनच्या जवळ येतो, मग मोकळा असताना त्यानं २.९५ का दाखवेना. खरं सांगायचं तर एवढा खटाटोप कोण करणार? दार उघडायला दोनदा बटण दाबावं लागलं किंवा डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकलं, की सेल बदलून मोकळं व्हावं.

आता दुसरी गोष्ट. हे लिहिताना जिवावर येतंय, पण काका, त्या दिवशी टो करायची गरज बहुधा नव्हती.

तुमची लोखंडी किल्ली कुठेही गेलेली नाही, ती रिमोटच्या पोटात आहे. बाजूची बारीक कळ दाबून ओढली की बाहेर येते. ड्रायव्हरच्या दारावर भोक दिसत नसेल तर हँडलच्या टोकाचं प्लॅस्टिकचं टोपण बघा, पुष्कळ गाड्यांत ते त्याखाली लपवलेलं असतं. दार असं उघडलं की हॉर्न बोंबलू शकतो. बोंबलू दे. आत बसा, ब्रेक दाबा (गिअरची गाडी असेल तर क्लचही) आणि स्टार्टचं बटण बोटानं न दाबता रिमोटनंच दाबा. ह्युंदाई-मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत हेच चालतं. टोयोटात किल्लीवरच्या चिन्हाची बाजू बटणाला टेकवायची. काही गाड्यांत त्यासाठी मधल्या कप्प्यात ठरावीक जागा असते, ती मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते.

सेल पार संपला असतानाही हे होतं, कारण किल्लीतली ओळख पटवणारी चिप सेलवर चालतच नाही. बटणाजवळच्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातून ती स्वतःपुरती वीज घेते, म्हणूनच इतकं चिकटून धरावं लागतं. ओळख पटून गाडी सुरू झाली की हॉर्नही गप्प होतो. मी हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुद्दाम सेल काढून करून पाहिलं. वॉचमन धावत आला, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत आल्या, पण घाटात पहिल्यांदा करण्यापेक्षा ते परवडलं. मूळ लेखात मी हे सगळं शेवटच्या परिच्छेदात एका ओळीत उरकलं होतं. ते सुरुवातीला हवं होतं.

प्रोग्रॅमिंगचं मात्र मला अजिबात पटत नाही. किल्लीची ओळख ज्या मेमरीत असते ती सेल काढल्यानं पुसत नाही. ते अडीच हजार तुमच्याकडून उगाच घेतले.

नवा सेल घेताना आकडा जुन्यावरचाच बघा. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ जाडी. २०२५ ची जाडी २.५. व्होल्टेज तेच, म्हणून लोक २०२५ घालून खाली फॉइलची घडी सारतात. तसं करू नका, दोन खड्ड्यांत ती सरकते. 'एलआयआर' लिहिलेला रिचार्जेबल सेलही नको, किल्ली ३ व्होल्टच्या सेलसाठी असते आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. आणि घरातली जादा किल्लीही तपासा. ती दारामागच्या खिळ्याला लटकत असेल आणि गाडी भिंतीपलीकडेच उभी असेल, तर किल्ली आणि गाडी, दोघींची बोलणी रात्रंदिवस चालू राहून सेल लवकर संपू शकतो.

तुमच्या प्रतिक्रियेतल्या एका ओळीनं मात्र मी दचकले: "काढलेला सेल नातवानं खेळायला घेतलाय." काका, हे वाचताक्षणी तो त्याच्याकडून घ्या. ज्या २.९५ नं आपल्या दोघांना फसवलं, तेवढे व्होल्ट त्यात अजूनही आहेत. गाडी उघडायला ते पुरत नसले, तरी अन्ननलिकेत अडकलेल्या सेलला लाळेतून करंट सोडून आतून भाजायला भरपूर होतात, आणि दोन तासांतही गंभीर इजा होते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवत बसू नका, थेट एक्स-रे असलेलं हॉस्पिटल गाठा. मुलांनी थुंकावा म्हणून काही कंपन्या सेलला कडू लेप देतात. तो लेप काही उपकरणांत नीट टेकू देत नाही, त्यामुळे तसा सेल घातल्यावर रिमोट चालला नाही तर दोष लेपाचाही असू शकतो.

जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो उंचावर ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या. लेखातलं ते २.९ चं वाक्य मी आत्ताच काढलंय. सेल मिळाला का, तेवढं कळवा.